वाटीभर विरजण

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा वाटा पायांनी सरायच्या आणि बातम्या माणसांच्या तोंडून यायच्या. डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. डोंगरातून एक ओढा यायचा. त्या ओढ्याला कुणा जुन्या माणसांनी दगडी बांध घातला होता आणि बांधापासून एक पाट काढला होता. पाट कसला, एका उडीत ओलांडता येईल एवढा मातीचा चर. पण सगळं गाव त्याच्यावर जगायचं. एका शेताला पाणी पाजलं की पाट दुसऱ्याकडे जायचा, दुसऱ्याचं झालं की तिसऱ्याकडे. त्याच्या तोंडाशी पाटलाचं शेत होतं आणि अगदी शेपटाला ठकूचं.

पाऊस सरला की पाटात गाळ आणि गवत साचलेलं असायचं. ज्याच्या शेताजवळून पाट जाई, त्यानं आपल्यापुरता तो उपसायचा, अशी रीत होती. दुसऱ्याच्या तुकड्यात खोरं घालायचं नाही आणि दुसऱ्याला आपल्यात घालू द्यायचं नाही.

कारण त्या गावाला एका गोष्टीचा फार अभिमान होता. तिथं कुणी कुणाकडे काही मागत नसे. मीठ नाही, विस्तव नाही, दोर नाही. इतकंच काय, विरजणसुद्धा नाही. आता घर चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे, विरजण कधीतरी बिघडतंच. नाहीतर ताकाच्या नादात सगळं दही घुसळलं जातं आणि मग आठवतं की चमचाभर मागे ठेवायचं राहिलं. अशा वेळी वाटी घेऊन शेजारी जायचं, इतकं सोपं असतं ते. पण त्या गावातल्या बायका दुधात मिरचीची देठं टाकायच्या आणि वाट बघत बसायच्या. दही लागायचं, नाही असं नाही. पण त्याला तार सुटायची. पळी उचलली की कोळ्याच्या जाळ्यासारखं लोंबायचं. पोरांनी तोंड वाकडं केलं, की घरातलं मोठं माणूस म्हणायचं, “आपलं आहे ना? मग गोडच आहे.”

कुणी मागत नसे, म्हणून द्यायची वेळही कुणावर येत नसे. हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मग पाऊस लहरी झाला. एका घरानं दाराला कडी घातली आणि ते राजधानीत ओझी वाहायला गेलं. त्यांच्या शेताजवळचा पाट तसाच राहिला. पुढच्या वर्षी आणखी एक घर गेलं. माणसं दसऱ्याच्या दिवशी निघायची. सीमोल्लंघनाला म्हणून वेशीबाहेर पाऊल टाकायची आणि परत यायची नाहीत. जितकी घरं रिकामी, तितके पाटाचे तुकडे गाळानं भरलेले. पाणी दरवर्षी थोडं अलीकडेच थांबायला लागलं. शेपटापर्यंत तर ते पोचेचना.

शेपटाला राहणारी ठकू मध्यम वयाची बाई. नवरा कधीच गेलेला, लेकी सासरी. एक म्हैस होती, तीही भाकड. ठकूला एकच सवय होती, चौकशीची. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते तिला वासावरून कळायचं, आणि कुणाच्या घरात काय शिजतंय ते आवाजावरून. गाव तिला भोचक म्हणायचं. ती म्हणायची, “डोळे आहेत तर बघणार, कान आहेत तर ऐकणार. मागत तर नाही ना काही कुणाकडे?”

पोळा झाला आणि एका सकाळी शेजारच्या घरातून भांड्यांचा आवाज आला. घासायचा नव्हे. एकात एक घालायचा.

ठकूच्या हातातली भाकरी हातातच राहिली. शेजारचं घर धुरपदाचं. ठकूच्या अलीकडचं शेत त्यांचं. ते घर गेलं तर त्या बाजूला ठकूशिवाय कुणी उरणार नव्हतं, आणि पाटाचा आणखी एक तुकडा मुका होणार होता. मग ठकूलाही कडी घालावी लागणार. कुठं जाणार? लेकीच्या दारात?

ती उठली आणि धुरपदाच्या ओट्यावर गेली.

“सहज आले,” ठकू म्हणाली.

“तुम्ही कधी सहज येता, अक्का?” धुरपदा म्हणाली. ती लोणच्याची बरणी जुन्या गोधडीत गुंडाळत होती. “विचारा काय विचारायचं ते.”

“उन्हाळा नाही, लग्नकार्य नाही, आणि बरणीला गोधडी?”

धुरपदानं गाठ मारली. आतून तिचा नवरा कोंडिबा म्हणाला, “दसऱ्याला निघतोय आम्ही. गेल्या साली हरभरा उभा वाळला. आणखी किती वर्षं आभाळाकडे बघायचं?”

“पाणी आलं तर थांबाल?”

“आलं तर कशाला जाऊ? हौस आहे का मला ओझी वाहायची?”

ठकू ओट्यावर बसली, उठली, परत बसली. मग म्हणाली, “दसऱ्यापर्यंत बरणीशिवाय काही बांधू नका. दुसरी गावं कशी जगतात ते मी बघून येते. नाहीतरी भोचकपणा करायचाच, तर जरा लांब जाऊन करते.”

गावाला हसायला विषय झाला. पाटलानं मात्र तिला वेशीपाशी थांबवलं. पाटील ताठ माणूस. कमरेत वाकायचा तो फक्त देवापुढे.

“जायचं तर जा, ठकू,” तो म्हणाला. “पण गावाचं नाव सांभाळ. कुणाकडे काही मागायचं नाही. कुणाला काही विचारायचंही नाही. डोळ्यांनी दिसेल तेवढं घेऊन ये.”

ठकूनं मान हलवली आणि तोंड शिवल्यासारखी निघाली. चौकशीशिवाय जिला घास जात नाही तिला न विचारता बघायचं होतं. वाटेभर तिच्या जिभेला खाज सुटत होती.

पहिलं गाव लागलं ते टेकडीपलीकडचं. सकाळी देवळासमोर एकानं हलगी वाजवली आणि बघता बघता घराघरांतून माणसं बाहेर पडली. सगळी मिळून एकाच शेतात शिरली आणि दुपारच्या आत तिथली खुरपणी उरकून दुसऱ्याच्या शेताकडे वळली. ठकूनं गवताच्या भाऱ्याआडून सगळं बघितलं. विचारायचं नव्हतं, म्हणून हलगी तेवढी लक्षात ठेवली आणि ती पळत पळत परत आली.

गावानं हलगी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाजली. माणसं बाहेर आली आणि आपापल्या दारात उभी राहिली.

“कुणाचं ढोर सुटलं का?” एकानं विचारलं.

“आग लागली असेल,” दुसरा म्हणाला.

“माझ्या घरात तर नाही लागली,” तिसरा म्हणाला आणि आत गेला. हळूहळू सगळेच आत गेले. हलगीवाला हात दुखेपर्यंत वाजवत राहिला.

ठकूला रात्रंदिवस चैन पडेना. दळायला बसली की जात्याचा खुंटा सोडून उठायची. अंगण झाडायला घेतलं की अर्ध्यात झाडू टाकून पाटावर जायची, गाळात बोट घालून बघायची. बोट कोरडंच निघायचं. चार दिवसांनी ती पुन्हा निघाली, या खेपेला नदीकाठच्या गावाला. तिथं प्रत्येक दाराबाहेर एक टोपली टांगलेली दिसली. जाता येता माणसं टोपलीत काही टाकत होती, काही उचलत होती. इथं चार वांगी, तिथं मूठभर बियाणं, कुणाच्या टोपलीत विळा. कुणी कुणाशी बोलत नव्हतं आणि कुणाचं अडत नव्हतं. ठकूला वाटलं, हे आपल्या गावासाठीच केलंय. तोंड उघडायलाच नको.

तिनं गावात टोपल्या टांगायला लावल्या. पाटलिणीनं आपल्या टोपलीत भोपळा ठेवला. कुणी केळी ठेवली, कुणी मेथीची जुडी. आणि मग प्रत्येक जण खिडकीतून आपलीच टोपली बघत बसला. घेणार कोण? घेणं म्हणजे मागणंच की. केळ्यांना मुंग्या लागल्या. मेथी सुकली. दिवेलागणीला पाटलीण बाहेर आली, इकडेतिकडे बघितलं आणि आपला भोपळा काखेत मारून घरात गेली.

“ठकू,” पाटील म्हणाला, “आता पुरे. तुझ्या हलगीनं झोप गेली आणि टोपल्यांनी उंदीर आले.”

धुरपदाच्या घरातून पुन्हा भांड्यांचा आवाज यायला लागला होता. कोंडिबानं गाडीच्या चाकांना वंगण घातलं.

नवरात्र बसलं तरी ठकू घरात ठरेना. उपास धरला होता, पण उपासाचं खायलाही ती बसली नाही. घट पुजला, म्हशीपुढे कडबा टाकला आणि निघाली, या खेपेला जिकडे कधी कुणी गेलं नव्हतं तिकडे. दोन डोंगर ओलांडल्यावर तिला एक गाव दिसलं आणि तिचे पाय तिथंच थांबले.

तसाच ओढा होता. तसाच बांध. तसाच एका उडीचा पाट. ठकू पाटाच्या कडेकडेनं चालत गेली, एकेक शेत मागे टाकत, थेट शेपटापर्यंत. तिथलं शेवटचं शेत ओलं होतं. वाफ्यात पाणी उभं होतं आणि त्यात एक बगळा निवांत चालत होता. ठकू बांधावर उभी बघतच राहिली. बघून बघून डोळे दुखले, पण हे कसं झालं ते काही दिसेना.

शेताच्या कडेला एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, “कुठली गं तू? पाणी कधी बघितलं नाहीस का?”

“बघितलंय, आजी. शेवटच्या शेतात नाही बघितलं.”

“मग विचार की कसं येतं ते.”

ठकूची जीभ वळवळली. तिनं ती दातांखाली धरली. “आमच्यात मागत नाहीत.”

“मागतंय कोण? विचार म्हटलं मी.”

“विचारणं म्हणजे मागणंच की. माझ्याकडे नाही ते तुमच्याकडून घ्यायचं.”

म्हातारीनं शेंग फोडली, दाणे पदरात टाकले. “आणि नुसतं बघून नेतेस ते काय? न विचारता नेण्याला आमच्यात वेगळं नाव आहे.”

ठकूला आधी राग आला. मग हसू आलं. आणि मग, इतके दिवस कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. ती म्हातारीसमोर बसली, शेंगा ओढून घेतल्या, सोलायला लागली आणि विचारत सुटली. पाट कोण उपसतं, कधी उपसतं, रिकाम्या घरांचं काय, भांडणं होत नाहीत का, झाली तर मिटवतं कोण. म्हातारी सांगत गेली.

“आमच्यात कुणी आपला तुकडा उपसत नाही,” ती म्हणाली. “शेपटाचा माणूस तोंडाशी जाऊन उपसतो आणि तोंडाचा शेपटाशी येतो. मधल्यांचीही तशीच अदलाबदल.”

“असं उलटं का?”

“आपल्या दारातला गाळ माणसाला दिसतोच. दुसऱ्याच्या दारातला बघायला कोण जातं? खोरं घेऊन गेला की दिसतो. या शेपटाची माती किती तहानलेली असते, ते तोंडाच्या माणसाला इथं वाकल्याशिवाय कळत नाही.”

“आणि कुणी नाहीच आलं तर?”

“आम्ही बांधावरच्या आसरांपुढे, पाण्याच्या देवींपुढे, शपथ घेतो. मोडायची छाती होत नाही कुणाची. तुमच्यात काय चालतं ते तुला ठाऊक.”

मग ठकूनं हलगीचं आणि टोपल्यांचं सांगितलं. म्हातारी शेंगा बाजूला ठेवून हसली.

“टोपल्यांचं गाव माझं माहेर,” ती म्हणाली. “अगं, आधी एका बाईनं दुसरीच्या दारावर थाप मारून मूठभर डाळ मागितली. मग दुसरीनं तिच्याकडे मागितली. रोज थापा मारून हात दुखले, तेव्हा कुठं टोपल्या आल्या. तू टोपली नेलीस, थाप तिथंच राहिली.”

निघताना म्हातारीनं तिच्या हातात पळसाच्या पानानं झाकलेली एक वाटी ठेवली. आत विरजण होतं, घट्ट, पांढरंशुभ्र.

ठकूनं हात मागे घेतला. “नको, आजी. आम्ही कुणाचं घेत नाही.”

“तू नाही घेतलंस तर उद्या माझं बिघडल्यावर मी कुणाकडे जाऊ?” म्हातारी म्हणाली. “हे विरजण माझ्या सासूचं. माझ्या हातून तीनदा बिघडलं. तिन्ही वेळा शेजारणीकडून परत आणलं, कारण तिनं ते माझ्याकडूनच नेलेलं होतं. एकाच घरात ठेवलं असतं तर केव्हाच मेलं असतं. धर. आणि पाय उचल, उन्हानं आंबेल.”

ठकूनं वाटी धरली. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याची वाटी तिच्या हातात होती, आणि ती तिला वाटली होती त्याहून हलकी होती.

ती गावात शिरली तेव्हा नवमीची संध्याकाळ होती. घरोघरी कोयते, कुदळी, खोरी पुसून ठेवली होती, त्यांना हळदकुंकू लावलं होतं, झेंडू घातला होता. धुरपदाच्या दारात गाडी भरलेली उभी होती. फक्त बैल जुंपायचे राहिले होते.

ठकू घरात गेली, वाटीवरचं पान काढलं आणि तशीच थांबली. विरजण होतं. दूध नव्हतं. म्हैस भाकड होती.

आता ऐका. त्या काळी दिवा लागल्यावर घरातून कुणी दूध बाहेर देत नसे. लक्ष्मी जाते म्हणत. सूर्य डोंगरावर टेकला होता. सकाळपर्यंत थांबावं तर वाटीतलं विरजण आंबून जाणार होतं. ठकू उंबऱ्याशी गेली आणि मागे आली. पुन्हा गेली, पुन्हा मागे आली. पाटलाचे शब्द, आजोबा पणजोबांचे शब्द, सगळे पायात येत होते. शेजारच्या खिडकीत धुरपदा दिसली. तिच्या हातात वात होती.

ठकू वाटी हातात घेऊनच धावली आणि धुरपदाच्या दारावर तिनं थाप मारली. त्या गावात त्या वेळेला अशी थाप कुणी ऐकलीच नव्हती. समोरच्या घरातलं कुत्रं भुंकलं.

“दिवा लावू नकोस, धुरपदा. जरा थांब.”

“का? काय झालं, अक्का?”

“मला तांब्याभर दूध दे. मागायला आलेय.”

धुरपदाच्या हातातली वात तशीच राहिली. कोंडिबा गाडीपाशी सामान आवळत होता, त्याचे हात थांबले. मग धुरपदानं वात कोनाड्यात ठेवली, आत गेली आणि संध्याकाळच्या धारेचं दूध घेऊन आली. तांब्या देताना तिची नजर वाटीवर गेली.

“चांगलं दिसतंय,” ती हळूच म्हणाली. “आमचं श्रावणातच बिघडलं. देठांवरच चाललंय. तार सुटते नुसती.”

“मग माग की,” ठकू म्हणाली.

धुरपदानं नवऱ्याकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. “द्या चमचाभर,” ती म्हणाली, आणि मग दोघींनाही का कोण जाणे, हसू आवरेना. हसू ओसरल्यावर धुरपदानं दिवा लावला.

दसऱ्याच्या सकाळी दोन्ही घरांत दही लागलं होतं. सुरीनं वड्या पडाव्यात असं. कोंडिबानं बोटभर चाखलं, मग आणखी थोडं घेतलं. पण तो म्हणाला, “दही झकास आहे, अक्का. पण दह्यानं पाटाला पाणी येत नाही. संध्याकाळी आम्ही निघणार.”

“निघा,” ठकू म्हणाली. “तुमचं दूध मी दह्यानं फेडते. पण माझं विरजण घेतलंत. ते अंगावर ठेवून वेस ओलांडणार का?”

कोंडिबा त्याच गावचा होता. ही गोष्ट त्याला बरोबर टोचली. “काय करायचं ते सांगा. सकाळ मोकळी आहे.”

“खोरं घे आणि चल माझ्याबरोबर.”

झेंडूच्या माळांसकट खोरी उचलून ठकू, कोंडिबा आणि धुरपदा अशी तिघं निघाली, आपली शेतं सोडून, थेट पाटाच्या तोंडाशी. पाटलाच्या शेताजवळ त्यांनी पाटात उडी घेतली आणि गाळ उपसायला लागली.

पाटील सोन्यासाठी आपट्याची पानं तोडायला आला होता. त्याच्या हातून फांदी सुटली.

“ए ठकू, काय चाललंय? मी बोलावलं होतं का तुम्हाला?”

“नाही.”

“मागितलं होतं का काही?”

“नाही, पाटील. तुम्ही मागणार नाही, म्हणून न मागता देतोय.”

“बाहेर निघा. माझा पाट मी उपसेन.”

“अर्धा झालासुद्धा,” कोंडिबा गाळ फेकत म्हणाला. “आता परत भरून देऊ का?”

पाटलाला घाम फुटला. त्याच्या सात पिढ्यांत कुणी कुणाचं काही ठेवून घेतलं नव्हतं. आणि आज, सणाच्या दिवशी, सगळ्या गावादेखत त्याच्या अंगावर दुसऱ्याची मेहनत चढत होती. भोवती माणसं जमली. ठकू पाटातून वर आली, पदरानं तोंड पुसलं.

“पाटील, एक मागू?” ती म्हणाली.

माणसांत कुजबूज झाली.

“आमच्या शेपटाला पाट बुजलाय. तो तुम्ही उपसा. म्हणजे आपलं फिटलं.”

पाटलानं घरातून खोरं आणलं आणि तो ताठ मानेनं पाटाच्या कडेनं चालायला लागला. गाव त्याच्या मागे. चालता चालता रिकाम्या घरांचे तुकडे लागले. तिथं पाट होता हेसुद्धा ओळखू येत नव्हतं, घाणेरीची झुडपं कमरेपर्यंत वाढली होती. पुढे धुरपदाच्या शेतात गेल्या सालचा वाळका हरभरा अजून मुळांसकट उभा होता. ठकूच्या शेतातल्या भेगांत पाटलाचा अंगठा अडकला आणि तो ठेचकाळला. किती वर्षांत तो इकडे आलाच नव्हता. त्याच्या शेतात पाणी होतं, त्यामुळे त्याला वाटायचं पाट चालू आहे.

तो थांबला. भेगेत हात घालून त्यानं मातीचं ढेकूळ काढलं, चुरडून बघितलं. मग देवापुढेच वाकणारी ती कंबर वाकली आणि खोरं गाळात घुसलं.

ऊन कललं तेव्हा कोंडिबा बैल घेऊन आला. पाटलानं मान वर न करता विचारलं, “कुठं निघालास?”

“सीमोल्लंघनाला.”

“खबरदार. तुझं माझ्यावर आहे, ते फिटायचंय अजून. मध्येच निघून गेलास तर जन्मभर ते वागवू का मी?”

कोंडिबानं बैलांकडे बघितलं, भरलेल्या गाडीकडे बघितलं. “मग लवकर आटपा, पाटील,” तो म्हणाला आणि बैल परत गोठ्यात बांधले. सामान मात्र त्यानं उतरवलं नाही.

पाटलाचं झालं नसतं एका दिवसात. झालंही नाही. पण दुसऱ्या दिवशी ठकू आणि धुरपदा पाटलाच्या शेजाऱ्याचा पाट उपसायला लागल्या. मग तो शेजारी चिडून शेपटाकडे धावला. त्याचं बघून तिसरा. कुणाचं काही ठेवून घ्यायचं नाही, याच हट्टानं सगळं गाव एकमेकांच्या शेतात खोरं घेऊन उतरलं. भांडणंही झाली. “माझ्या तुकड्यात हात घालू नकोस,” म्हणत एक जण पाटात आडवा पडला होता. त्याच्याभोवतीनं उपसून घेतलं.

रिकाम्या घरांच्या तुकड्यांपाशी मात्र सगळे थबकले.

“यांचं कुणी करायचं?” पाटील म्हणाला. “फेडायला कोण येणार आहे?”

“येतीलही,” ठकू म्हणाली. “आपल्या गावची माणसं आहेत. अंगावर काही राहिलं की झोप लागत नाही त्यांना. राहू दे थोडं त्यांच्यावर.”

पाटलानं घाणेरीच्या बुंध्यावर कुऱ्हाड घातली.

आणि एका दुपारी पाणी आलं. आधी नुसता फेस, वाळकी पानं आणि उलट्या पडलेल्या मुंग्या घेऊन, वाट चुकल्यासारखं, अडखळत. कोंडिबा गाडीला टेकून उभा होता. पाण्यानं त्याच्या शेताच्या वळणावर जरा वेळ काढला, भेगांत शिरलं, बुडबुडे सोडले आणि पुढे ठकूच्या शेताकडे निघालं. धुरपदानं गाडीवर चढून गोधडीची गाठ सोडली आणि लोणच्याची बरणी काखेत घेऊन ती घरात गेली.

त्या साली हरभरा आला. फार नाही, पण पोटापुरता आणि बियाण्यापुरता आला. राजधानीत गेलेल्यांपैकी एक घर पुढच्या दसऱ्याला परत आलं, कारण कुणीतरी त्यांचा पाट उपसल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं आणि ते त्यांना सहन होत नव्हतं. बाकीची दारं बंदच राहिली. पण आणखी कुणी कडी घातली नाही. हलगी आता वाजली की माणसं खोरं घेऊनच बाहेर यायची. टोपल्याही पुन्हा टांगल्या गेल्या, आणि पाटलिणीचा भोपळा संध्याकाळपर्यंत टिकेनासा झाला.

काही वर्षांनी ठकूच्या दारावर थाप पडली. दोन डोंगर ओलांडून आलेली एक तरुण सून दारात उभी होती. हातात पळसाच्या पानानं झाकलेली वाटी, रिकामी.

“आजेसासूबाई गेल्या माघात,” ती म्हणाली. “आणि गावात यंदा सगळ्यांचंच विरजण बिघडलं. त्या म्हणायच्या, कधी अडलं तर दोन डोंगरांपलीकडे जा. तिथं आपलं ठेवलेलं आहे.”

ठकूनं वाटी घेतली. घरातल्या गाडग्यातलं दही संपलं होतं, म्हणून ती वाटी घेऊन धुरपदाकडे गेली आणि भरून घेऊन आली. सून तेवढ्यात बांधावर जाऊन पाटाकडे टक लावून बघत होती.

“नुसती बघतेस काय?” ठकू म्हणाली. “विचार की.”

म्हणून सांगते, बाहेरची चांगली कल्पना विरजणासारखी असते: ती संकोच सोडून मागून आणावी, आपल्याच घरच्या दुधाला लावावी, आणि दारात कुणी वाटी घेऊन आलं तर भरून द्यावी.